बाळी

सतरा नंबरच्या मांडीचं हाड
कात्रीखाली कुरकुरलंही नाही.
नऊ नंबरचं,
जिचं पोट उघडून काहीच न काढता
आम्ही पुन्हा शिवलं होतं,
ते तुटताना निदान आवाज करतं.

आडगावच्या पुढे, हायवेला लागून,
तिसऱ्या मजल्यावरची ही खोली.
बारा आठवड्यांपूर्वी इथेच मी
अठरा माद्यांची अंडाशयं काढली,
तुरीच्या डाळीएवढी.
टाके घातले, शेपटीवर शाईने आकडा लिहिला
आणि हाडं विरळ व्हायची वाट बघत बसले.
प्रबंधात याला 'मॉडेल' म्हणतात.

हाडाची दोन्ही टोकं कापायची,
सुईने आतली मज्जा धुऊन काढायची.
फ्लास्कमध्ये गुलाबी पाणी.
तळाला चिकटून उरतात त्या मूळपेशी,
अजून कुणीच न झालेल्या.
दोघींना एकच खुराक, दर तिसऱ्या दिवशी.
एकच ऊब, सदतीस अंश.
नऊच्या पेशी दाटीवाटीने वाढतात,
एकमेकींना रेटतात, मग कॅल्शियम धरतात.
सतराच्या सुस्त, पसरट;
वाढायचं सोडून पोटात थेंब साठवतात,
मेदाचे,
पोतीच्या मण्यांसारखे चकचकीत.
हाड ओळखायचा रंग लाल,
मेद ओळखायचा रंगही लालच.
पहिल्या वर्षी मी दोन्हींना फसले होते.

मथुराबाई गांगुर्डे आमचं काचसामान धुतात.
त्याआधी वीस वर्षं ओझरकडच्या बागांत:
विरळणी, डिपिंग, छाटणी.
"बघू का?" म्हणाल्या एका दुपारी,
आणि मी दाखवायच्या आत फोकस फिरवला.
सप्टेंबरात मालक काड्या घेऊन
पिंपळगावला डोळे तपासायला जायचे,
या गाठोडं धरून सोबत.
तिथल्या मॅडमनी एकदा भिंगातून दाखवलं होतं:
डोळ्याच्या आत आधीच निजलेला असतो घड,
नाहीतर त्या जागी नुसती बाळी.
"एकाच गाठीतून दोन्ही होतं बघा.
ऊन कमी पडलं, पोसवण झाली नाही,
की बाळी. वेल वरून हिरवीगारच."

सहा वर्षं मी जे वाक्य शोधत होते
ते त्यांनी पदराला हात पुसत सांगितलं.

मग म्हणाल्या, "काय काढलं यांचं?"
मी सांगितलं.
नळ तसाच वाहत राहिला.
"माझंही. एकतिसाव्या वर्षी.
पिशवी काढू म्हणाला डॉक्टर, तिच्यासंगं तेही गेलं.
सही माझीच आहे कागदावर."

डावं मनगट त्यांचं वाकडं जुळलंय.
बादली उचलताना मोडलं,
पडल्यासुद्धा नव्हत्या.
चार वर्षं मी ते रोज बघत होते
आणि हाताची ठेवण समजत होते.

"रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात ना," त्या हसल्या,
"आमचं मेलं वर असतानाच सुरू."

मी हसले नाही. भिंगात डोळा घातला.
सतराच्या फ्लास्कमध्ये, एका कडेला,
थेंब न धरलेली एक पेशी,
लांबट, दोन्हीकडे हात पसरलेली.
तिचं काय होईल हे मला माहीत नाही.
मथुराबाईंना विचारलं, जिरलेल्या वेलीचं काय करतात?
"उपटत नाय कुणी.
एप्रिलात खरड छाटणी, मग उन्हावर."
थांबून म्हणाल्या, "सगळ्याच फुटतात असं नाय पण."

सोमवारी हाडांची तपासणी करून घेऊ, मी म्हटलं,
डेक्सा, ओळखीने होईल, पैसे लागणार नाहीत.
"मग मलापण नंबर पडंल?"
एवढंच विचारलं,
आणि सतरा नंबरची बशी
इतरांच्या ढिगातून बाजूला काढून
ती वेगळी धुतली.